सोन्याला लागलेली हळद

"आता जे सांगतोय त्यावर अख्ख्या शेलार गावात कुनी इस्वास ठेवनार न्हाय," चांगदेव बंद दाराला तोंड लावून म्हणाला. "पन तुझी शपथ, या डोळ्यांनी बघितलंय."

दारापलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पूर्वा ऐकत होती. म्हणजे अर्धं काम झालं.

मांडवात बेंजो वाजत होता आणि जिची हळद, ती त्याची नात दुपारपासून कडी लावून बसली होती. आत्यानं हळदीपुरता द्यायला कबूल केलेला हार नि कंबरपट्टा ऐनवेळी स्वतःच्या सुनेच्या अंगावर चढवला होता. गेल्याच आठवड्यात शेजारच्या मृणालीच्या हळदीत इतकं सोनं होतं की फोटोत तिचा चेहरा शोधावा लागत होता. "मोकळ्या गळ्यानं मी बाहेर येणार नाही," पूर्वा म्हणाली होती. "लोक विचारतील, ही कोण?"

तिकडे अंबाडीहून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन निघालेल्या. त्यांची गाडी गोदामांच्या कंटेनरमागे अडकली म्हणून बरं, नाहीतर एव्हाना दारात असत्या. आणि नवऱ्याच्या अंगची हळद नवरीला न लागता परत गेली, तर उद्याच्या लग्नाला कुणी कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

"अवो, पोरीला सरळ सांगा ना, सोन्यात काय हाय म्हनून," हळदीचं ताट घेऊन बसलेली जानकीबाई म्हणाली.

चांगदेवनं बायकोला हातानंच गप्प केलं. सरळ सांगून ऐकणारी असती, तर ती त्याची नात कसली? तीस वर्षं त्यानं नारपोलीत कापडाचे लूम चालवले होते. त्या खडखडाटात गप्पा ठोकायच्या म्हणजे गप्पही तशीच दणकट लागते.

"तर एक नवरी होती, खाडीकाठची. सोनं एवढं की चढवायला चार मानसं आनि एक शिडी लागली."

"आजोबा, शिडी?"

"शिडी! पडली पन होती एकदा. तू ऐक. सोनं चढलं आनि नवरीच्या पाठीला सुटली खाज. हात उचलंना, कंबर वळंना. शेवटी घामानं जी निसरडी झाली, ती सुळकन सोन्याच्या खालून भायेर! आनि सोनं तसंच उभं. वर बिंदी, मधी हार, खाली कंबरपट्टा. आत कुनी न्हाय."

आतून बारीक आवाज आला, "मग?"

"मग बायका आल्या नि लागल्या हळद लावायला. सोनं पिवळं, हळद पिवळी, कुनाला काय कळतंय? मावशीनं दृष्ट काढली. फोटोवाला म्हनाला, हनुवटी जरा वर. आनि सांगतो तुला, सोन्यानं केली!"

"आणि नवरी कुठे होती?"

"मागल्या दारी. भाजलेले बोंबील खात होती."

"मग लोकांना कळलं कसं?" आवाज आता अगदी दाराशी आला होता. चांगदेवनं बायकोला डोळा मारला.

"हौसा धवलारीन होती ना, लग्नाची गानी म्हननारी. तिनं रीतीपरमानं नवरीला डिवचलं, 'बाय गो, तुजा नवरा काळा, कोळसा बरा!' उत्तर न्हाय. 'तुजी सासू कजाग!' उत्तर न्हाय. तशी हौसा गानं थांबवून म्हनाली, 'बायांनो, ही आपली पोर न्हाय. आपल्या पोरीला कुनी एक बोललं तर ती सात ऐकवती.' एवढ्यात मागल्या दारातनं आवाज आला, 'नवरा काळा हाय तर तुला काय त्याला धुवायचा हाय?' झालं! अख्खा मांडव तिकडं पळाला. सोनं कोपऱ्यात उभंच. वळून बघितलं न्हाय कुनी."

आत फिसकन हसू फुटलं. कडी हलली, पण निघाली नाही.

बाहेर हॉर्न वाजला. "आल्या!" जानकीबाई ताटासकट उठली.

आता ताणायला वेळ नव्हता. चांगदेवनं घसा खाकरला आणि शेवटचा डाव टाकला. "ती नवरी कोन होती म्हायत हाय? ही तुझी आजी. जानकी!"

जानकीबाईचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

आणि कडी खाडकन निघाली. पूर्वा उंबरठा ओलांडून बाहेर आली. डोळे लाल, केस विस्कटलेले, गळा मोकळा, बोट आजोबांवर रोखलेलं. नेमका बेंजोवाला दम खायला थांबला होता आणि अंबाडीच्या बायका मांडवात पाय टाकत होत्या, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"खोटं! साफ खोटं, आजोबा! आजीच्या लग्नात गुंजभर सोनं नव्हतं! तुमच्या लूमवरच्या सुतात ओवलेले चार काळे मणी आणि ही एवढी लांब जीभ घेऊन ती या घरात आली, तुम्हीच शंभरदा सांगितलंय! तुमच्या अख्ख्या गोष्टीत खरा एकटा तो काळा नवरा!"