परान्नाचा नेम

“नेम घ्यायचा तर झेपेल तोच घे. आणि एकदा घेतलास की त्यातून वाटा काढत बसू नकोस. देवापुढे वकिली चालत नाही.”

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी आषाढी एकादशीच्या सकाळी, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरी देवासमोर पळीभर पाणी हातावर घेतलं, की हा आवाज कानाशी येतोच. चातुर्मासात मी काही ना काही धरते. एका वर्षी मीठ सोडलं, एका वर्षी जेवताना मौन. यंदा परान्न सोडलं. कार्तिकीपर्यंत परक्याच्या घरचं, परक्याच्या हातचं शिजवलेलं खायचं नाही; आपलं आपण रांधायचं. पाणी सोडताना मनात एवढंच म्हटलं, बाप-लेक पुन्हा बोलू देत.

लेक म्हणजे उत्तरा. शिकागोची नोकरी सोडून ती पोर्तुगालमध्ये पोर्तोला गेली आणि तिथल्याच तियागोशी तिनं लग्न केलं. आम्हाला कळलं ते सह्या झाल्यावर, फोनवर. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गराजमध्ये जाऊन गवत कापायचं मशीन उघडून बसले. त्याला दोन वर्षं झाली. हे फिरायला गेले की मी तिच्याशी बोलते. ह्यांना ते माहीत आहे. हल्ली हे जरा जास्तच लांब फिरून येतात.

आणि जुलैच्या शेवटी हेच एक दिवस जेवताना म्हणाले, “पोर्तो बघून येऊ. जुनं शहर आहे, नदी आहे. चार दिवस. नुसतं साइटसीइंग हं आसावरी. कुणाकडे जायचं नाही.”

मी उत्तराला फोन केला. ती म्हणाली, “तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला घरी या जेवायला. मी करणार सगळं. बाबांचं माहीत नाही, पण तू येशील ना? प्रॉमिस?”

“येईन गं. जेवायलाच येईन.”

फोन ठेवला, कुकर लावायला तांदूळ घेतले आणि ते धुताना नेम आठवला. लग्न झालेल्या लेकीचं घरही परक्याचंच धरतात.

पोर्तोत उतरल्यापासून माझा पाय कुठे ठरेना. हे पुढे, हातात नकाशा, मी मागे. गल्ल्या अशा उभ्या की खाली उतरतानाही धाप लागते. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, दर वळणावर एक चर्च. ह्यांनी प्रत्येक चर्चचं शतक मला वाचून दाखवलं. मी “हो का?” म्हणायची आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक काळ्या केसांच्या मुलीकडे बघायची. ती याच शहरात कुठेतरी ऑफिसात बसली होती, भाजी घेत होती, ट्रामला उभी होती. मग देवळात गेल्यासारखं एखाद्या चर्चमध्ये बसावं, तर तिथंही दोन मिनिटांत उठावंसं वाटायचं.

जेवणाचं मी घरूनच आणलं होतं. छोटा इलेक्ट्रिक कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट. सकाळी हॉटेलच्या खोलीत खिचडी लावायची, बाथरूमचा पंखा चालू, खिडकी सताड उघडी. हिंगाचा वास बाहेर गेला आणि एक पांढराशुभ्र समुद्रपक्षी खिडकीच्या कठड्यावर येऊन बसला.

“बघ, गिऱ्हाईक आलं,” हे म्हणाले. “याला वाढ. याचा काही नेम नाही.”

दुपारी नदीकाठच्या हॉटेलात ह्यांनी मासे मागवले. मी मांडीवर रुमाल पसरून डबा उघडला. वेटरनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

“माय वाइफ इज व्हेरी स्ट्रिक्ट,” हे त्याला म्हणाले. “शी इज ऑन अ व्हाउ.” तो बिचारा काहीतरी कळल्यासारखी मान हलवून गेला. मग मराठीत, माशाचा काटा काढता काढता, “बरं झालं की गं. तिसऱ्या दिवसाचा प्रश्नच मिटला. तुला चालत नाही, संपलं. मी कशाला वाईट व्हायला हवं?”

म्हणजे ह्यांना माहीत होतं. मी जेवणाचं सांगितलं नव्हतं. उत्तरानं मेसेज केला असणार.

दुसऱ्या दिवशी हे मनोऱ्यावर चढायला गेले. गुडघ्यांचं निमित्त सांगून मी साओ बेंतो स्टेशनात थांबले. तिथं सबंध भिंतभर निळ्या फरशांवर लढाया काढल्यात, घोडे, भाले, राजे. त्यांच्याखाली उत्तरा घाईघाईनं आली. केस आखूड कापलेले, गळ्यात ऑफिसचं कार्ड. सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला आणि मला घट्ट धरून उभी राहिली. किती वाळलीस, म्हणणार होते, म्हटलं नाही.

“उद्या वरण-भात, भेंडी, कोशिंबीर,” ती बोटांवर मोजत म्हणाली. “तियागो तूरडाळ शोधत गावभर फिरला. शेवटी एका नेपाळ्याच्या दुकानात मिळाली. ही इज सो नर्व्हस, आई. मला विचारतो, हातानं जेवताना चार बोटं की पाच?”

मला हसू आलं. मग मी नेमाचं सांगितलं.

ती हात सोडून बाकावर बसली. “पण तू येते म्हणालीस. जेवायलाच येते म्हणालीस.”

“बोलून गेले गं. नेम आठवलाच नाही त्या क्षणी. असं करू या का? मी माझा कुकर आणते. तुझ्याकडेच माझं माझं शिजवते, तुमच्याबरोबर पानावर बसते.”

“आणि तियागोला काय सांगू? माझी आई समुद्र ओलांडून आली, पण माझ्या हातचं खात नाही?” तिनं आवाज खाली आणला. “वरण कसं करायचं, तू फोनवर सांगायचीस, मी इथं करायचे. दोन वर्षं, आई. कुणीच खाल्लं नाही तुमच्यातलं. बाबा नाही आले तर नाही आले. आय कॅन टेक दॅट. पण तू नुसतं येऊन पाणी पिऊन जाणार असशील, तर येऊच नकोस. खरंच नको. परत कधी बोलवणारही नाही मी.”

ऑफिसचं कार्ड सारखं करत ती गेली. मी घोड्यांकडे बघत बसले.

रात्रभर कूस बदलत राहिले. देवाला दिलेला शब्द मोडावा, तर ज्या कामासाठी पाणी सोडलं तेच बुडेल अशी भीती. आणि लेकीला दिलेला मोडावा, तर ते बुडालंच. तिच्या घरी मीठ-तेल आपलं नेलं तर? पाणी आपलं? छे. ह्या वकिल्याच.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे खोलीत आले ते फोन नाचवत. “बुकिंग केलं. साडेसहाची बोट. एकाच फेरीत नदीवरचे सहाच्या सहा पूल. दोन तिकिटं.”

“सातला उत्तरानं बोलावलंय.”

“तुझा नेम आहे ना?”

“आहे.”

“मग? तिथं जाऊन तिच्या तोंडाकडे बघत बसणार? त्यापेक्षा पूल बघू. दिलं-घेतलं नाही, विचारलं नाही, स्वतःचं स्वतः लग्न करून मोकळी झाली. ती आता त्या लोकांची. आपली कुठे राहिली?”

हे बोलले आणि माझ्या जिवाची दोन दिवसांची तगमग एका जागी थांबली. मी पलंगाच्या कडेला बसले.

“माझा नेम परान्नाचा आहे,” मी म्हटलं. “मला एवढंच सांगा. उत्तरा परकी का?”

“हे काय आता?”

“तुम्ही म्हणालात, ती आपली राहिली नाही. तर तसं स्पष्ट म्हणा. उत्तरा परकी आहे म्हणा, मी तिच्या घरी पाऊल टाकत नाही. बोटीत येते. सहाही पूल बघते.”

“मला तुमचं ते शास्त्र कळत नाही.”

“शास्त्र कुठे विचारतेय? बापाला विचारतेय.”

ह्यांनी टीव्ही लावला. पोर्तुगीज बातम्या. ह्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण नजर तिथंच. मी वाट पाहिली. मला घाई नव्हती. आपण कुठलीही वाट काढत नाही आहोत, हे मला आतून पक्कं कळलं होतं. तिला मी पोटात वाढवली. तिनं रांधलेलं मी आज परकं म्हटलं, तर नेम राहील आणि ज्याच्यासाठी तो घेतला ते मीच माझ्या हातानं तोडलेलं असेल.

“चंद्रशेखर,” मी म्हटलं. घरात मी ह्यांना नावानं हाक मारत नाही. “म्हणा.”

“नाही म्हणत, जा,” हे टीव्हीलाच म्हणाले.

“मग झालं.”

मी उठले. हातपाय धुतले, वांगी रंगाची सुती साडी नेसले, कुंकू लावलं. पर्समधल्या देवाच्या तसबिरीला हात जोडले आणि मनात म्हटलं, जेवायला जाते. क्षमा मागितली नाही. मागायचं काही नव्हतं.

हे तसेच बसलेले. अंगात फिरायचा टी-शर्ट, फोनवर बोटीची तिकिटं. “येता का?” मी विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते त्यांनी त्यांचं ठरवायचं.

दाराशी चपला घालत होते तेव्हा मागून आवाज आला.

“नदीवरच्या त्या दुमजली पुलाच्या वरच्या मजल्यावरून जा. खालून गेलीस तर पलीकडे तिच्या घरापर्यंत चढ फार आहे.”

मी ह्यांना तिच्या घराचा पत्ता कधीच सांगितला नव्हता.

“बरं,” म्हटलं, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. सातला अवकाश होता, पण मी पदर खोचला आणि पुलाच्या दिशेनं चालू लागले.