दिवस कधी संपतो?

दोन हजार तीन साली पुण्यातल्या एका कंपनीत मी डेअरीच्या सॉफ्टवेअरचं मराठी माहितीपुस्तक लिहायला होतो. नोकरी कच्ची. ओतूरहून तक्रार आली तेव्हा साहेब म्हणाले, "ही दुसरी. तिसरी आली की तुम्ही तुमच्या घरी." नोकऱ्या काही झाडाला लागल्या नव्हत्या. मी निमूट एसटी पकडली.

संध्याकाळी पोचलो तर डेअरीसमोर किटल्यांची रांग, आणि कम्प्युटरवर ठळक अक्षरांत: 'आजचा दिवस संपला आहे.' रांगेतले म्हातारे धर्माजी मला बघताच कडाडले, "सूर्य अजून डोंगरावर हाय, आन् तुमचं यंत्र म्हनतंय दिवस संपला! म्हशीला जाऊन सांगू का, उद्या दे म्हनून?"

कम्प्युटरवर आरती नावाची मुलगी होती. तिला विचारलं, "दिवस बंद कुणी केला?"

"मीच. सकाळी."

"सकाळी?"

"पुस्तकात लिवलंय की, दिवस संपल्यावर 'दिवस बंद' दाबा. टँकर गेला, दिवस संपला. कालची सांज आन् आजची सकाळ, दोन्ही वेळचं दूध त्यात गेलं. आमचा दिवस सांजंला चालू व्हतो, सर. डेअरी निघाल्यापासनं तसंच हाय."

मला असा राग आला! दिवस कधी संपतो हेही आता पुस्तकात लिहायचं? पण रागावून नोकरी टिकत नाही. मी नवा दिवस सुरू करून दिला, दूध आत गेलं, आणि तिथंच बसून वाक्य सुधारलं: 'टँकर गेल्यावर दिवस बंद करा व लगेच नवा सुरू करा.' सेक्रेटरी संपतरावांनी खूश होऊन चहा पाजला. नवं पुस्तक सगळ्या डेअऱ्यांना गेलं. मी हवेत.

आठवड्यातच डिंभ्याच्या डेअरीतून जयवंतचा फोन आला. "सर, रस्ता खचलाय. सोमवारपासनं टँकर न्हाई. दूध लोकांनी घरीच विरजलं, ते ऱ्हाऊ द्या. पण आज गुरुवार, आन् कम्प्युटरवर अजून सोमवारच हाय. टँकर गेल्याबिगर बंद कसा करू?"

तिसरी तक्रार! "साहेबांना कळवू नका हो," मी गयावया केली.

"न्हाई कळवत. पण दिवस कवा संपवू, तेवढं सांगा."

काय सांगणार, कपाळ? ओतूरचा दिवस सकाळीच संपतो, डिंभ्याचा संपता संपत नाही. शेवटी जीव मुठीत धरून मी पुस्तकात घातलं: 'दिवस कधी संपतो, हे आपल्या सेक्रेटरींना विचारावे.'

त्यानंतर पुण्याला एकही तक्रार आली नाही. साहेबांनी ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं, "लिहावं तर असं स्पष्ट!" आणि मला कायम केलं.

पुढं एकदा ओतूरच्या स्टँडवर संपतरावांनी मला गाठलं. "काय लिवून ठिवलंत राव! आरतीला सगळं ठावं हाय, तरी पुस्तकात हाय म्हनून रोज सकाळी दारात हुभी, दिवस संपवू का म्हनून. मी अंघोळीला असलो तरी बाहेरनं हाळी देती!"

मी त्यांना मुकाट्यानं चहा पाजला. वर भजीही सांगितली. नोकरी त्यांच्याच जिवावर टिकली होती.