अबोली आणि बंद दार

आमच्या खानावळीत बायका तयार होतात आणि निघून जातात. तुरुंगातून सुटलेल्या बाईला वर्षभर स्वयंपाक शिकवायचा, हात बसला की बाहेर नोकरीला लावायचं आणि पुन्हा कांद्याबरोबर बोट कापणारी नवी घ्यायची, असा संस्थेचा नियम. पाहुणे येतात, टाळ्या वाजवतात, केवढं मोठं काम म्हणतात. काम मोठं आहेच. पण अकरा वर्षं मुख्य स्वयंपाकीण म्हणून मीच राबतेय, आणि माझ्या नशिबी कायम नवा गडी, नवं राज्य. कंटाळा येतो हो.

यंदाची बाई तोंडच उघडायची नाही, म्हणून तिला अबोली म्हणायचो. सात वर्षं आत काढलेली. हाताला मात्र अशी चव की तिच्या भाजीतलं मीठ मी कधी चाखून बघितलं नाही. तिची नऊ वर्षांची मुलगी नणंदेकडे होती, आणि नणंदेनं ठणकावलं होतं, "संस्थेतली नोकरी ही काय नोकरी झाली? बाहेर चारचौघांत कामाला लाग, मग पोरीला ने." त्यामुळे एका मोठ्या हॉटेलचे शेफ तिची परीक्षा घ्यायला येणार असं कळल्यापासून तिला घास उतरत नव्हता. मला, खोटं कशाला बोलू, ती जायला नको होती.

तिची एक खोड होती. बंद दार दिसलं की ती थांबायची. ढकललं की उघडणारं साधं दार, पण कुणी उघडेपर्यंत ही समोर उभी. आत दारं दुसऱ्यांनीच उघडायची असतात. सात वर्षांत सवयच मोडली. पहिल्या दिवशी मी दार धरलं. मग तेच अंगवळणी पडलं, तिच्या आणि माझ्याही. तिची पावलं ऐकली की हातातलं टाकून मी दाराकडे धावायची. बाकी सगळं शिकवलं, एवढं राहून गेलं.

शेफ दुपारी आले. पोटानं गोल, बोलायला गोड, एक डोळा घड्याळावर. "ताई, तुम्ही इथं माझ्याजवळ बसा. आत तिला एकटीला करू द्या," म्हणाले. मी बसले, आणि बसल्यावर कळलं की मी पहाटेपासून उभी होते.

स्वयंपाकघराच्या दाराला वरच्या बाजूला काच आहे. तिच्यात अबोलीचं तोंड दिसलं. हातात सूपचं पातेलं, वाफ चेहऱ्यावर. ती थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी उठायला हवं होतं. नंतर संस्थेच्या मॅडम सगळ्यांना सांगत सुटल्या की ताईंनी मुद्दाम धीर धरला, काय दूरदृष्टी! कसली डोंबलाची दूरदृष्टी. अकरा वर्षं सगळ्यांसाठी धावतेय, आज दार नाही धरत, एवढंच वाटलं. आणि ती तिथंच अडकली तर माझ्याकडेच राहील, हेही मनात डोकावून गेलं. त्याची अजून लाज वाटते.

"सूप काय पायी निघालंय?" शेफनी विचारलं.

"येईल," मी म्हटलं.

काचेतला चेहरा गेला. संपलं, असं मी धरून चालले. तेवढ्यात दार धाडकन भिंतीवर आपटलं आणि अबोली उलटी, पाठ पुढे करून बाहेर आली. थोडं सूप तिच्या पायावर सांडलं होतं. ती तशीच टेबलापाशी आली आणि वाढायला लागली. शेफनी दोन वाट्या संपवल्या. "पहिल्या तारखेपासून या," म्हणाले.

ते गेल्यावर मी आत गेले. ती स्टुलावर बसून भाजलेल्या पायावर गार पाणी ओतत होती.

"ताई, आज तुम्ही आला नाहीत."

"नाही आले गं."

माफी मागावी की पाठ थोपटावी, मला कळेना. तिनं भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं.

"वन्संना फोन करू का?"

'कर' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि गप्प उभी राहिले. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग लंगडत उठली आणि तिनं नंबर फिरवला.

"वन्सं, मी बोलतेय. पोरीची बॅग भरून ठेवा. रविवारी न्यायला येते."