चढणीनंतरचं पाणी

माझं डोकं लवकर तापतं, हे कापूरहोळ फाट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवाळीनंतर ते जे तापलं ते उतरायचं नावच घेईना. भोरच्या आनंदरावांनी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर, टेम्पोवाल्यांच्या घोळक्यात, मोठ्यानं सांगितलं होतं की झुल्फिकार मेस्त्री डुप्लिकेट माल बसवतो.

झुल्फिकार म्हणजे मी. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. कार्बुरेटरच्या गाड्या मागं पडून कॉम्प्युटरवाल्या गाड्या नुकत्याच आमच्या भागात यायला लागल्या होत्या आणि हायवेच्या या पट्ट्यात त्यांना हात लावणारा मी एकटाच होतो. पुण्याच्या एका वर्कशॉपात फुकट राबून ते काम शिकलो होतो. लोक अजून बिचकत होते. अशात डुप्लिकेटचा शिक्का बसला की गॅरेजला कुलूपच. शेजारच्या वरवे गावचं एक जुनं गिऱ्हाईक तर आनंदरावांचं ऐकून त्याच दिवशी गाडी पुण्याला घेऊन गेलं. गेलं ते माझ्या दारावरून, माझ्याकडं न बघता.

आनंदरावांची भोरला भाताची गिरणी. तांदळाच्या व्यवहारासाठी दर आठवड्याला वरंधा घाटातून महाडला जायचं आणि परत यायचं. गाडी पांढरी, पेट्रोलवरची, जिवापाड जपलेली. जपणारे आनंदराव नव्हेत, त्यांचा ड्रायव्हर कोंडिबा. आनंदरावांच्या वडलांच्या वेळेपासून घरात असलेला माणूस. उभा जन्म त्यांची जीप चालवली. जीप भंगारात गेली तेव्हा धड जेवला नाही म्हणे. ही नवी गाडी आली तशी तिच्यावर त्याचा जीव जडला. माझी बायको अन्वरी लेकीची वेणी घालते तितक्या निगुतीनं तो गाडी पुसायचा. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला मेस्त्री.

गाडीचं दुखणं असं होतं, की महाडहून आली की डचके खायची. मागून काळा धूर, पेट्रोलचा भपकारा, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. पहिल्या खेपेला मी प्लग काढले तर काजळीनं काळे ठिक्कर. मग ऑक्सिजन सेन्सरला मीटर लावला. हा सेन्सर म्हणजे बोटाएवढी वस्तू, सायलेन्सरच्या तोंडाशी आट्यांत बसवलेली. जळून बाहेर पडणारा धूर हुंगायचा आणि पेट्रोल जास्त झालं की कमी, ते कॉम्प्युटरला कळवायचं, हे तिचं काम. सेन्सर ठणठणीत असेल तर मीटरवरचा आकडा सारखा वरखाली नाचतो. इथं आकडा शून्यापाशी बसून होता. कॉम्प्युटर समजत होता की पेट्रोल कमी पडतंय, म्हणून आणखी ओतत होता. मी सेन्सर बदलला, गाडी सुतासारखी सरळ चालली.

आणि पुढच्याच महाडच्या फेरीत नवा सेन्सर मेला.

मला झोप लागेना. पेट्रोलात रॉकेलची भेसळ असेल म्हणून पंप बदलायला लावला. वायर तपासली, अर्थिंग तपासलं, सायलेन्सर कुठं फुंकतोय का पाहिलं. काही सापडेना. कोंडिबामामाला खोदून खोदून विचारलं, "मामा, घाटात काय झालं? खड्ड्यात आपटली? नदीतनं घातली?"

"काय बी न्हाई, मेस्त्री. गेलो नि आलो."

आनंदरावांना विचारलं, त्यांचंही तेच. काही नाही म्हणजे काही नाही. मग दोष कुणाचा? माझ्या मालाचा. टपरीवर ते बोलले ते यावरून.

मला कळलं तसा मी हात न धुता भोरला गेलो. गिरणीच्या दारात उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. आनंदराव भुशात उभे राहून शांतपणे ऐकत होते, त्यानं मी आणखीच भडकलो.

"सेन्सर खरा व्हता, शेठ! सीलबंद डबा फोडताना तुमचा कोंडिबा समोर उभा व्हता."

"मग मरतो कसा?"

"त्येच बघायचंय. आता तिसरा माझ्या पदरचा बसवतो. पण पुढच्या फेरीला मी गाडीत बसणार. माल खोटा निघाला तर गॅरेज बंद करतो. खरा निघाला तर त्याच टपरीवर, तितक्याच मोठ्यानं, तुमी तसं सांगायचं."

"सांगीन की," आनंदराव म्हणाले. "मला काय तुमच्याशी वैर हाय?"

फेरीच्या आदल्या दिवशी कोंडिबामामा गाडी घेऊन आला. मेलेला सेन्सर आट्यांत जाम बसला होता. गंज सोडवायचं तेल मारलं, इंजिन थोडं कोमट केलं, खाचेचा पाना लावून जोर दिला तेव्हा कुठं करकरत सुटला. मामा बॅटरीचा उजेड धरून वाकला होता. नव्याच्या आट्यांना मी पेस्ट लावली, टोकाला बोट लागू दिलं नाही.

"लई नाजूक दिसतंय," मामा म्हणाला.

"नाजूकच हाय. आतमधी चिनी मातीवानी असतंय."

"मग तिला जपाया पायजे," तो म्हणाला आणि बॉनेट पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं हळूच लावलं. मला त्याचा राग आला. जपणं काय करायचंय, इथं माझं नाव जातंय.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या सीटवर, कोंडिबामामाच्या शेजारी. सेन्सरच्या वायरीत टाचणी खुपसून तिथनं दोन तारा बॉनेटच्या फटीतून काढून खिडकीतून आत घेतल्या होत्या आणि मीटर मांडीवर. आनंदराव मागं पेपर वाचत. जाताना आकडा नाचत होता. महाडला आनंदराव व्यवहार करत बसले, मी गाडीपासून हललो नाही. जेवलोही नाही. परतीला घाट लागला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता जाईल. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढत होती, आकडा तसाच नाचत होता. खरं सांगायचं तर सेन्सर टिकावा की मरावा हेच मला कळेनासं झालं होतं. टिकला तर आधीचे दोन का मेले ते कधीच कळणार नाही, आणि मेला तर मी मेलो.

वाघजाईच्या देवळापाशी मामानं गाडी कडेला घेतली. घाटातून येणारा प्रत्येक जण तिथं थांबतो. देवीला हात जोडतो, गरम भजी खातो. आनंदराव उतरून भज्यांच्या गाड्याकडं गेले. मामा उतरला, पण इंजिन त्यानं चालूच ठेवलं. मी मीटरवरून नजर काढली नाही. बॉनेट वर झालं, समोरची काच झाकली गेली. पावसाळ्यानंतर तिथं कातळातून पाणी झिरपत असतं, त्याखाली डबा धरल्याचा आवाज मला आला, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं.

मग बॉनेटमागून चर्रर्र झालं.

आकडा एकदा वर गेला, खाली आला, आणि बसला. शून्यापाशी. हलेना. मी मीटरवर चापट मारली, तारा हलवल्या. काही नाही. मी दार उघडून धावलो.

कोंडिबामामा हातात तेलाचा रिकामा डबा घेऊन उभा होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. रेडिएटरवर, त्याच्या मागं तापलेल्या सायलेन्सरच्या तोंडावर, सेन्सरवर, सगळीकडून वाफ निघत होती. दुसऱ्या हातानं तो गाडीच्या मडगार्डवर थोपटत होता. बैल पाणी पिताना थोपटतात तसं.

"मामा! ह्ये काय केलं?"

"पानी घातलं," तो म्हणाला. माझ्या ओरडण्यानं तो दचकला होता. "चढन चढून आली न्हव का."

"दर खेपंला घालता?"

"घालतो तर! मोठ्या मालकांनी जीप हातात दिली तवाच सांगितलं व्हतं. वाघजाईला गाडी थंड केल्याबिगर फुडं न्यायची न्हाई. इंजिन चालू ठिवायचं, नि वरनं बी घालायचं. जीप कधी बंद पडली न्हाई मेस्त्री. कधी म्हंजी कधी."

जीपला ते चालत होतं. जीपमध्ये हे नाजूक काही नव्हतंच. इथं लालबुंद तापलेल्या सेन्सरवर डोंगरातलं गार पाणी पडलं की आतली चिनी माती तडकणारच. मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी आनंदानं नाचावंसंही वाटलं. माल खरा होता! मी खरा होतो!

आनंदराव भज्यांचा कागद हातात घेऊन आले. मी त्यांना मीटर दाखवला, तापलेला सेन्सर दाखवला, सगळं एका दमात सांगितलं. त्यांना पटेना.

"पाण्यानं? अहो, आमचे वडील घालायचे. मी लहानपणापासून बघतोय."

"मग मी विचारलं तेव्हा बोलला का न्हाई? दोघंबी म्हणालात, काय बी न्हाई!"

लपवत कुणीच नव्हतं. देवीला हात जोडले हे कुणी सांगत नाही, भजी खाल्ली हे कुणी सांगत नाही, तसंच हे. आनंदरावांनी गाडी चालवून पाहिली. डचके, काळा धूर, पिवळा दिवा. परत आले ते लालबुंद होऊन.

"कोंडिबा, तिकडं मागं बस. गाडी मी घेतो."

कोंडिबामामा मागच्या सीटवर बसला. माझ्या आठवणीत तो त्या गाडीत मागं बसलेला पहिल्यांदाच. सबंध घाट उतरताना तो माझ्या सीटच्या पाठीला धरून होता आणि वळण आलं की त्याचा पाय खाली काहीतरी दाबत होता. मला माझं नाव परत मिळालं होतं आणि मला बसवत नव्हतं.

कापूरहोळला टपरीवर गर्दी होती. आनंदराव दिल्या शब्दाला जागले. गाडी थांबवून उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झुल्फिकारचा माल अस्सल हाय. चूक माझी झाली. आमचा म्हातारा गाडीवर पाणी ओतून सेन्सर मारत व्हता."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मामा, आंघोळ घालता काय गाडीला?" आणखी हसले. मी हसलो नाही. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते कानावर पडलं आणि मला त्या हसणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"गप रे!" मी ओरडलो. "तुझ्या टेम्पोला घाटात तू काय दूध पाजतोस? घालतोसच की पाणी. घालणारे सगळेच हितं उभे हायेत. मामाला कुणी सांगितलं व्हतं का नव्या गाडीचं? मी तरी सांगितलं का? नाजूक हाय म्हणालो, गार पाणी चालत न्हाई ह्ये म्हणालो न्हाई."

आनंदराव जमिनीकडं बघत होते. मग मी गाडी गॅरेजात घेतली, थंड होऊ दिली, आणि माझ्याकडं उरलेला एक सेन्सर बसवला. दिवा विझवला. मीटरवर आकडा नाचायला लागला तशी मी चावी काढली आणि सरळ कोंडिबामामापुढं धरली.

मामानं आनंदरावांकडं पाहिलं.

"घे की," आनंदराव म्हणाले. आवाज मऊ झाला होता. "आता पाणी न घालता चालव, झालं."

कोंडिबामामानं हात पुढं केला नाही. धोतराला पुसत राहिला.

"नगं, मालक."

"अरे, रागावलास व्हय? टपरीवर बोललो ते..."

"न्हाई जी. तुमी खरं त्येच बोललात." तो गाडीकडं बघत होता. "म्या तिला जपत व्हतो, मालक. दर खेपंला वाटायचं, पानी पडलं, आता तिला बरं वाटलं. आन तवाच ती मरत व्हती. म्या थोपटत व्हतो नि ती मरत व्हती. आता हिला काय केल्यानं बरं वाटतं, त्येच मला कळंना."

"मी सांगतो ना, मामा!" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, मला आवरेना. "एक एक गोष्ट सांगतो. शिकवतो. बसा तुमी."

"तू सांगशील, मेस्त्री. पन ते माझ्या हाताला कवा कळायचं?"

फाट्यावर भोरची एसटी लागली होती. कोंडिबामामानं डोक्यावरची टोपी सारखी केली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि रस्ता ओलांडून एसटीत चढला. ड्रायव्हरच्या मागची जागा मोकळी होती. तो तिथं न बसता पार शेवटच्या सीटवर जाऊन बसला.