वाटाण्याचा खिमा

मित्रांनो, मी खिमा करण्याचे एक जुने यंत्र आहे. ओतीव लोखंडाचे, हाताने फिरवायचे. एका खाटकाने मला नवे कोरे आणून दुकानातल्या टेबलावर घट्ट बसवले. दुकान बंद करताना तो माझा एकेक भाग उकळत्या पाण्याने धुई, तेलाचे बोट फिरवी. "हे आपल्याला पोटाला घालतंय," असे लेकीला सांगे. त्याच्या खिम्यासाठी लोक लांबून येत. शिजलेल्या मांसाचा एक घास घेऊन, जनावर कोवळे होते की जून, हे तो डोळे मिटून ओळखी.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी मांस बंद केले, तसे त्याचे जेवणच तुटले. लेकीला सुरा धरवत नव्हता. तिने सोयाबीन आणि वाटाणे वाफवून माझ्यात घातले, मसाला मिसळला आणि दारावर नवी पाटी लावली. आत अंथरुणावर माझी घरघर ऐकून म्हाताऱ्याला वाटे, दुकान पूर्वीसारखेच चालले आहे.

जुनी गिऱ्हाइके हसली. "मटण हवं तर मटण खावं, वाटाणे हवेत तर वाटाणे. ही सोंगं कशाला?" मांस न खाणारी शेजारीण उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "चांगलं असेल गं पोरी. पण दिसतं अगदी तसंच. घशाखाली उतरायचं नाही." ना इकडचे आले, ना तिकडचे.

उरलेला खिमा लेकीने घरी रांधला आणि काही न सांगता वडिलांना भरवला. त्यांनी पुन्हा मागून घेतला.

"कोवळं होतं," ते म्हणाले. "डॉक्टरला कळू देऊ नकोस."

झटक्यानंतर ते पहिल्यांदाच पोटभर जेवले होते. लेकीच्याने खरे बोलवेना. मग रोज तेच होत गेले.

एकदा एक जुने गिऱ्हाईक त्यांना भेटायला आले आणि थट्टेत बोलून गेले, "काय दादा, दुकान वाटाण्यावर आणलंत म्हणे?"

ते गेल्यावर म्हाताऱ्याने लेकीला हाक मारली. "हात गेला, त्याचं काही नाही. जीभ तरी माझी आहे असं वाटत होतं. तू तीही खोटी पाडलीस."

"बाबा, तुम्ही जेवतच नव्हता हो."

"मला सांगायचं होतंस."

त्यानंतर ते दोन घास घेऊन ताट सरकवत. लेक विचारी, "मीठ बरोबर आहे का?"

"मला काय कळतंय?" असे म्हणून ते भिंतीकडे तोंड फिरवत. थंडी सरायच्या आत ते गेले.

दुकान बंद झाले. मी माळ्यावर गंजत पडलो आहे. खाली लेक एकटी जेवायला बसते, ताट वाढून घेते आणि बराच वेळ त्याला हातच लावत नाही.

मित्रांनो, माझ्या पात्यांना मांस आणि वाटाणा दोन्ही सारखेच होते. तुम्ही हवे ते खा. पण दुसऱ्याला वाढाल तेव्हा काय वाढले ते सांगा. तो आजारी असेल, तर आधी सांगा.