कॅसेटमधली अकरा गाणी

"कुकरची. दरवर्षी कुकरचीच शिट्टी. यंदा काय रेल्वेची निघन काय?"

बाबा माझ्या कानाशी पुटपुटले. आपण हळू बोलतो असं त्यांना वाटतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, एक कान गेलेला, दुसऱ्यानं अर्धवट ऐकू येतं. त्यामुळं त्यांचं पुटपुटणं रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जातं.

"वामनकाका, उत्तर फोडू नका," पियूष म्हणाला. चिठ्ठी त्याच्या हातात होती. "प्रश्न ताईले हाये. 'डाव्या पायाची चप्पल' या गाण्यात मधातच शिट्टी वाजते, ते कायची?"

"कुकरची," मी म्हणाले.

माझी पुरणपोळी वाचली. जो चुकेल त्याची पोळी शेजारच्याला, असा आमचा नियम आहे.

माझ्या धाकट्या भावाचा, अंकुरचा, एक रॉक बँड होता. नाव 'लाईन गेली'. तेव्हा आमच्या आर्णीत दिवसाचे आठ-दहा तास वीज नसायची. पोरांनी तालीम सुरू केली की लाईन जायची आणि शेजारचे खूश व्हायचे. त्यावरून हे नाव. अंकुर गिटार वाजवायचा आणि गायचा. पियूषकडे त्याच्या आत्याची जुनी पेटी होती. बंजारा तांड्यावरचा फुलचंद पाण्याचा निळा प्लास्टिकचा ड्रम दोन लाटण्यांनी बडवायचा. लाटणी माझी. बँड म्हटल्यावर लोक सुपारी घेऊन यायचे, लग्नात वाजवता काय विचारायचे, आणि हरवलेल्या चपलेवरचं गाणं ऐकून चहा न घेताच उठायचे.

मी आठवी शिकलेली, ब्लाउज शिवते. रॉक म्हणजे काय, हे त्या पोरांच्या चहाची भांडी घासता घासता शिकले. एक वही केली. कोणतं गाणं कुठं सुचलं, कोणत्या तारा तुटल्या, सगळं त्यात. पहिला कार्यक्रम दोन हजार दोनच्या तान्ह्या पोळ्याला झाला. श्रोते म्हणजे लाकडी बैल घेऊन आलेली चौतीस लेकरं आणि चुकून शिरलेला एक खरा बैल. शेवटपर्यंत थांबला तो बैलच. 'शेजारणीचा टीव्ही' हे गाणं अर्ध्या ओळीत तुटतं. नागपूरच्या एका पोरानं अंकुरला पत्र लिहिलं होतं की तो अर्धवट शेवट फार खोल आहे. खोल कसला, लाईन गेली होती.

बँड बंद पडला तरी दर तान्ह्या पोळ्याला दुपारी आम्ही जमतो. ब्लाउजच्या कागदाच्या कातरणांवर प्रश्न लिहितो, डब्यात टाकतो, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या खात उत्तरं देतो. सगळ्यांना सगळं पाठ आहे. म्हणून तर खेळतो.

शेवटचा प्रश्न ठरलेला. कॅसेटमध्ये गाणी किती? सगळे एकदम म्हणतात, अकरा. मग ताटं उचलायची.

कॅसेटमध्ये गाणी बारा आहेत.

बँडची ती एकुलती कॅसेट पुसदला झाली. भजनं रेकॉर्ड करणाऱ्या एका माणसाच्या मधल्या खोलीत. कुकर त्याच्याच बायकोचा. खर्च एका बियाण्याच्या कंपनीच्या एजंटानं केला. ती कंपनी आता नाही, नाव लिहीत नाही. त्याच्या बदल्यात त्याला एक गाणं हवं होतं, त्या कापसाच्या बियाण्याचं. पोरांनी ते अर्ध्या तासात करून दिलं. कव्हरवर छापलं नाही, दुसऱ्या बाजूला शेवटी टाकलं. मागं 'हो हो' म्हणणारी बाई म्हणजे मी.

सांगायला लाज वाटते, पण चाल सगळ्यांत चांगली त्याचीच होती. ज्या गावांनी चपलेचं गाणं हसण्यावारी नेलं, त्या गावांत जीपवरच्या भोंग्यातून ते गाणं महिनाभर वाजलं. लेकरं म्हणायची, बाया शेतात निंदताना म्हणायच्या. अंकुर तेव्हा चौकातून छाती काढून चालायचा.

त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली, पण बोंडंच धरली नाहीत. फुलचंदच्या बापानं, रूपसिंगकाकानं, सगळ्या वावरात तेच बियाणं लावलं होतं. दिवाळीनंतर ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, ऊसतोडीला गेले. जानेवारीत तिकडं उसाची ट्रॉली उलटली. माणसं परत आली, त्यात ते नव्हते.

अंकुर मौतीला गेला नाही. जाऊ शकला नाही. फुलचंद आमच्याकडं आला नाही. तो पांढरकवड्याला हायवेवर ट्रकच्या गॅरेजात लागला. अंकुरनं मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. गिटारला मी सुटाच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली, ती कपाटावरून कधी खाली आली नाही. यवतमाळला जायचं असलं तरी तांड्याची वाट सोडून हा लांबून जातो. गाणं तर सोडाच, आंघोळीत गुणगुणतही नाही. आम्ही सगळे धरून चाललो होतो की फुलचंद त्यालाच दोष देतो. आणि वहीतलं बाराव्या गाण्याचं पान मी पुढच्या पानाला मशीनवर शिवून टाकलं. चारही बाजूंनी, बारीक टाक्यानं.

आठ वर्षं झाली. यंदा मी कोणाला न विचारता फुलचंदला फोन केला. म्हटलं, तान्ह्या पोळ्याला बँडच्या प्रश्नांचा खेळ असते, माणसं कमी पडून राहिली, तू ये. तो म्हणाला, "ताई, पोळी ठेवजा."

तर कुकरचा प्रश्न झाला आणि दारात फुलचंद उभा. हातात मक्याच्या कणसांची पिशवी.

"याडीनं पाठवली," तो म्हणाला. याडी म्हणजे त्याची आई. "म्हणे, रिकाम्या हातानं जाऊ नको."

अंकुर उठला. बसला. पुन्हा उठला आणि चहा ठेवायला आत गेला. आमच्या घरात त्यानं चहा ठेवल्याचं मला आठवत नाही.

"टक्कल पडलं बे तुले," पियूषनं फुलचंदला जागा करून दिली.

"तुही पेटी तरी वाजते काय? का तिचेही दात पडले?"

"ड्रम कुठी हाये रे? तो निळा?" बाबांनी विचारलं.

"घरीच हाये काका. याडी पाणी भरते त्यात."

"चांगलं झालं. त्याच्याचसाठी होता तो."

फुलचंद हसला, आणि मला वाटलं, झालं, सुटलं. अंकुर चहा घेऊन आला. साखर घालायची विसरला होता. सगळ्यांनी तसाच घशाखाली उतरवला.

पियूषनं डबा हलवला. फुलचंदला प्रश्न आला, पहिल्या कार्यक्रमाला बैल कोणाचा शिरला होता? "आमचाच," तो म्हणाला. "ढवळ्या. त्याले माह्या ठेक्याची सवय होती." पुढचा प्रश्न अंकुरला. 'पांढरकवड्याचा ट्रक' या गाण्यात किती वेळा ठेका चुकला आहे? अंकुरनं खाली बघत सांगितलं, "तीनदा."

"चारदा," फुलचंद म्हणाला. "एक तुले समजलाच नाही."

अंकुरची पोळी फुलचंदच्या ताटात गेली. त्यानं ती मोडली आणि अर्धी परत अंकुरच्या ताटात ठेवली. नियमात बसत नव्हतं, पण बाबांनीसुद्धा चालवून घेतलं. मग फुलचंदची बोटं ताटाच्या काठावर आपोआप वाजायला लागली. अंकुर त्या बोटांकडं बघत होता. त्याचे ओठ किंचित हलले. आठ वर्षांत मी त्याचे ओठ असे हललेले पाहिले नव्हते. मी पदरात हात घट्ट धरून बसले.

डब्यात एकच चिठ्ठी उरली. ती दरवर्षी बाबाच वाचतात. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली, आणि कचेरीत नोटीस वाचावी तसं वाचलं, "कॅसेटमधी गाणी किती?"

"अकरा," पियूष म्हणाला. "अकरा," मी म्हणाले. अंकुर म्हणाला की नाही, मला ऐकू आलं नाही. मी ताटं उचलायला वाकले.

फुलचंदची बोटं थांबली.

"बारा," तो म्हणाला.

पंखा फिरत होता. एवढ्या वर्षांत नेमकी आजच लाईन होती.

"काय म्हणते?" बाबांनी कानाला हात लावला. "मोठ्यानं बोल रे."

"बारा हायेत, काका. बारावं बियाण्याचं."

अंकुर उठायला लागला. फुलचंदनं त्याचं मनगट धरलं. रागानं नाही, चालत्या ट्रकवर चढणाऱ्याला वर घ्यावं तसं.

"बस ना. मी तुह्यावर रागावून हावो, असं वाटते तुले. ताईलेही तसंच वाटते. म्हणून कोणी माह्या घरी आलं नाही, अन् मी इकडं आलो नाही. मले तेच बरं पडलं. कोणी इचारलंच नाही तं सांगायचं काम नाही."

"फुल्या, ते गाणं माहं..." अंकुर म्हणाला.

"तुहं गाणं बानं जीपवर ऐकलं. पर बियाणं घेतलं नव्हतं. दोन वेळा दुकानातून वापस आलता. मंग संध्याकाळी मले इचारलं." फुलचंद ताटाकडं बघत बोलत होता, मनगट तसंच हातात. "बा म्हणे, तो जीपवाला सांगून राह्यला ते खरं हाये काय? मले बियाण्यातलं काय समजते, अंकुर? मले काहीच मालूम नव्हतं. मी म्हटलं, घे ना बा. गाणं आपलंच हाये."