लाल कुलूप आणि मी

मित्रांनो, मी बंदराच्या धक्क्यावरची एक जुनी केबल आहे. दंडाएवढी जाड, अंगात तांबं, वरून काळं रबर. कॅलिफोर्नियातल्या आमच्या या धक्क्याला जहाज लागलं की मला त्याला जोडतात. मग किनाऱ्यावरची वीज जहाजाला मिळते, त्याची इंजिनं बंद होतात आणि धूर थांबतो. एवढंच माझं काम. पण ते झालं नाही की मला चैन पडत नाही.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! टाळ्या काय, फोटो काय! पुढे नव्याची नवलाई संपली. "थोडाच वेळ थांबायचंय, कशाला जोडता?" असं म्हणत कितीतरी जहाजं धूर ओकत उभी राहायची आणि मी धक्क्यातल्या माझ्या खड्ड्यात वेटोळं घालून तळमळायची. माझ्या बाजूने भांडायची ती एकटी आंपारो, आमची वायरमन. कुंपणापलीकडच्या गल्लीत तिची आई राहते. धूर वाढला की म्हातारीचा दमा उसळतो.

आमच्याकडे रिवाज आहे. मला हात लावण्याआधी वीज बंद करायची आणि बटणाच्या पेटीला आपल्या नावाचं लाल कुलूप घालायचं. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. एका सकाळी आंपारोने असंच कुलूप घालून माझं सैल टोक आवळलं. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला, आईला धाप लागलीय. ती कुणालाही न सांगता धावत सुटली. फोन हत्यारांपाशीच राहिला आणि किल्ली खिशात गेली.

तासाभरात जहाज लागलं. कुलूप तसंच, आंपारोचा पत्ता नाही.

"अहो, तोडा ते कुलूप आणि मोकळे व्हा!" जहाजावरचा माणूस ओरडला.

"माझ्या हाताखालची पोरगी आत असेल तर?" आमचे म्हातारे मुकादम झुविच गरजले. खड्ड्यापुढे केबलींचा लांबलचक बोगदा आहे. त्यांनी माणसं आत धाडली. इकडे धुराचे लोट थेट गल्लीकडे निघाले. मला त्या हट्टी म्हाताऱ्याचा असा राग आला म्हणून सांगू!

दुपारी आंपारो धापा टाकत आली. "आईला दवाखान्यातून आणलं, खिडकी लावायला गेले तर हा धूर! आधी तुम्हा सगळ्यांना पोटभर शिव्या घातल्या. मग खिशात किल्ली लागली." तिचे डोळे भरले. "तोडायचं ना हो, झुविच! माझीच आई गुदमरतेय तिथे!"

मुकादम मटकन खाली बसले. "बाई गं, दोन तास बोगद्यात तुला हाका मारतोय आम्ही! वीज सोडली असती आणि तू आत असतीस, तर त्याच आईला काय तोंड दाखवलं असतं?"

माझा राग तिथेच विरला. आंपारोने कुलूप काढलं, मला जोडलं. इंजिनं थांबली. तिने फोन उचलला. "आई, आता उघड खिडकी."

मित्रांनो, जाताना सांगून जात जा. आणि मला खड्ड्यात पडून राहू देऊ नका. ते बघा, आणखी एक जहाज येतंय. थोडाच वेळ थांबणार आहे म्हणे. जोडाल ना मला?